ऊलेचे वडील कोण?

अमेरिकेत मिनेसोटातल्या ज्या वाचनालयाच्या तळघरात मी लोकांना पूर्वज शोधून देते, तिथे येणारे निम्मे लोक एकच कथा घेऊन येतात: न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, जिथे बोटीनं येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी होई, तिथल्या कारकुनानं आमचं आडनाव बदललं. कारकून नावं बदलत नसत, बोटीच्या यादीशी ताडून बघत. शिवाय ते बेट उघडलं १८९२ मध्ये, आणि यांचे पणजोबा १८६८ ला कॅनडात क्वेबेकला उतरलेले! सांगून थकले.

त्या मंगळवारी आलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंचा प्रश्न वेगळा होता. आडनाव बाक्केन म्हणू या. डीएनए चाचणीत नॉर्वेतल्या वाल्द्रेसच्या एकाही बाक्केनशी त्यांचं जुळत नव्हतं, आणि पुढच्याच महिन्यात त्या बाक्केन शेतावर जायची तिकिटं काढलेली. प्रयोगशाळेनं नमुन्यांची अदलाबदल केली असेल, असं त्यांचं ठाम मत.

पणजोबांचं नाव ऊले. (इंग्रजी स्पेलिंगवरून मी पहिलं वर्षभर 'ओले' वाचायचे आणि मनात हसायचे.) १८७१ मध्ये त्यांनी होमस्टेड कायद्याखाली १६० एकरांवर दावा लावला. पाच वर्षं राहून जमीन कसली की ती नावावर होई. पाचवं वर्ष संपता संपता ते वारले. थडग्यावर १८७६. आजोबांचंही नाव ऊले, आणि त्यांचा जन्म १९०० च्या जनगणनेत जानेवारी १८८०. घरच्यांनी ते 'लिहिणाऱ्याची चूक' म्हणून सोडून दिलेलं. इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत तीच सारवासारव एकमेकांची बघून उतरवलेली. त्यातल्या एकानंही मूळ कागद उघडला नव्हता.

१८८० च्या जनगणनेत हे कुटुंब सापडतच नाही, असं बाई म्हणाल्या. आडनाव सोडून दिलं आणि त्या टाउनशिपची पानं एकेक करून चाळली. सूचीत 'बेकन' लागलेलं! घरप्रमुख ॲन्ड्र्यू बेकन, बायको मारित, पहिल्या लग्नाच्या दोन मुली, पाच महिन्यांचा ऊले.

मग चर्चची नोंदवही. आजोबांच्या मोडी दस्तांवर लहानपणी डोळे फोडलेत, त्यामुळे ते गॉथिक वळण मला फारसं छळत नाही. १८७८: विधवा मारित हिचं लग्न, वर आन्देर्स क्नुडसेन, म्हणजे जनगणनेतला ॲन्ड्र्यू. १८८० च्या बाप्तिस्म्यात वडील म्हणून आन्देर्स बाक्केन.

जुन्या नॉर्वेत खेड्यापाड्यांतून कायमचं आडनाव नसे. आपलं नाव, वडिलांचं नाव, आणि ज्या शेतावर राहाल त्याचं नाव. बायकोच्या शेतावर राहायला गेलेला नवरा त्या शेताचं नाव लावी. कायमच्या आडनावाची सक्ती १९२३ च्या कायद्यानं झाली. आपल्या आडनावातला 'कर' गाव सुटलं तरी चिकटून राहतो, त्यांचं तसं नव्हतं. पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवर आलेला आन्देर्स बाक्केन झाला. आणि दुसऱ्या लग्नातल्या पहिल्या मुलाला वारलेल्या नवऱ्याचं नाव द्यायची तर रीतच होती.

होमस्टेडची फाइल वॉशिंग्टनहून आधीच मागवलेली होती. जमीन पक्की करायला १८७७ मध्ये मारित स्वतः उभी राहिली होती. ती टोळधाडीची वर्षं, १८७३ पासून चाललेली. १८७७ च्याच एप्रिलमध्ये गव्हर्नर पिल्सबरींनी टोळ जावेत म्हणून प्रार्थनेचा दिवस जाहीर केला होता. चौदा बाय सोळा फुटांचं ओंडक्यांचं घर, पंचवीस एकर नांगरलेले, पीक टोळांनी खाल्लेलं. सहीच्या जागी फुली. घरच्या गोष्टीत हिचं नावही नव्हतं, सगळं 'पणजोबांनी उभं केलं'.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी कुजबुजला, "तिकिटं काढलीत ना, कशाला सांगतेस?" त्याचं सगळं काम असंच गोडगोड असतं.

मी सांगितलं. बाई बराच वेळ त्या फुलीवर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "आन्देर्सला चाललं असेल का हे नाव?" असल्या गोष्टीला नोंदवहीत रकाना नसतो. आन्देर्सचं मूळ ठिकाण मी नंतर काढलं. वाल्द्रेसमध्येच, कुणाच्या तरी शेताच्या कडेला, एका कुळाची झोपडी. तेही कळवलं.

महिन्याभरानं फोटो आला. बाक्केनचं फाटक, बाई, शेजारी आजचे शेतमालक. त्यांनी कॉफी आणि वॉफल दिले, 'आमच्या ऊलेची पणती' म्हणून सगळं घर दाखवलं. खाली बाईंनी लिहिलं होतं: मी त्यांना काही बोलले नाही.