पोळ्याच्या दिवशी धरणाची दारं

अकोला जिल्ह्यातल्या एका मध्यम प्रकल्पावर मी शाखा अभियंता होतो तेव्हाची गोष्ट. ऑगस्ट संपत आलेला, परिचालन सूचीत त्या तारखेला जेवढी पातळी हवी त्याच्या वर पाणी गेलेलं, वरच्या पाणलोटात पाऊस सुरूच, आणि नेमका त्या दिवशी पोळा. खाली नदीत अख्ख्या गावाचे बैल धुवायला उतरलेले.

सूचीप्रमाणे जास्तीचं पाणी सोडायचं, येणाऱ्या पुराला जागा ठेवायची. पण खाली खारपाणपट्टा आहे हो, विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारंच, प्यायला धरणाचाच आधार. 1 दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर पाणी, माणशी रोज 100 लिटर धरलं तर लाखभर लोकांना 100 दिवस पुरतं, आणि 100 क्युमेकनं, म्हणजे सेकंदाला 100 घनमीटरनं, सोडलं तर पावणेतीन तासांत ते गेलं. जीव खालीवर होतो खरंच.

एक म्हातारे शेतकरी थेट सांडव्यावर आले, धोतर ओलं, हातात बैलाचा नवा कासरा. "साहेब, आता सोडसान त मंग हरबऱ्याले काय देसान?" म्हटलं काका, जूनमधे पाऊस मुरतो, आता जमीन पिऊन तुडुंब आहे, 100 चौरस किलोमीटरवरून नुसते 10 मिलिमीटर वाहून आले तरी 1 दलघमी होतो. आत्ता थोडं नाही सोडलं तर रात्री अंधारात सगळी दारं उचलावी लागतील.

मोठ्या साहेबांना फोन केला, पोलीस पाटलांना केला, कोतवालानं दवंडी दिली, भोंगा वाजवला, आणि शेवटचा बैल काठावर चढेपर्यंत दाराला हात लावू दिला नाही. मग दोनच दारं, तीही 10-10 सेंटीमीटर.

रात्री येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, वाढला तसा विसर्ग टप्प्याटप्प्यानं वाढवत नेला. दर तासाला पट्टीवर बॅटरी मारून पातळी वाचायची, वरच्या गावांतून पावसाचा आकडा घ्यायचा. उघडण्यापेक्षा बंद कधी करायचं हे ठरवणं जास्त अवघड, घाई केली तर पाणी परत चढतं, उशीर केला तर हरबऱ्याचं पाणी नदीत. पहाटे पाऊस थांबला तरी लगेच हललो नाही, लागोपाठ दोन तास येवा उतरलेला दिसला तेव्हा एकेक दार खाली घेतलं.

15 ऑक्टोबरच्या साठ्यातून आधी पिण्याचं आरक्षण बाजूला काढलं, मग कालवा सल्लागार समितीत हरबऱ्याला कालव्यातून पाणी द्यायच्या पाळ्या मंजूर झाल्या. काकांचं शेत कालव्याच्या पार टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला होतं, म्हणून पहिल्या पाळीला मी स्वतः कालव्यावर थांबलो आणि पाणी टेलकडून हेडकडे, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीकडे, देत आणलं.