सीताफळाचा हंगाम आणि साखर

दसऱ्याच्या आसपास बालाघाटाच्या डोंगरांतून सीताफळांच्या पाट्या बीडच्या बाजारात उतरू लागल्या, की मधुमेह असलेल्या माणसाची परीक्षा सुरू होते. "एवढ्यानं काय होतंय, खा की," असा आग्रह करणारे आणि "फळाचं नावच काढू नका," असे बजावणारे एकाच घरात भेटतात; किती खायचे, हे मात्र दोघांपैकी कोणीच सांगत नाही.

सीताफळाच्या शंभर ग्रॅम गरात वीसएक ग्रॅम कर्बोदके असतात, जवळपास अर्ध्या ज्वारीच्या भाकरीत असतात तेवढी. जालन्याच्या मोसंबीत त्याच वजनाला याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून सीताफळ खायचे ठरले, की मी ताटातली अर्धी भाकरी आधीच परत ठेवतो, भरल्या पोटावर फळ चढवत नाही, आणि दोन तासांनी बोटाच्या टोकावरचा रक्ताचा थेंब यंत्राला दाखवतो, कारण एकच फळ दोन माणसांना सारखे मानवेल असे नाही. डोळ्यांमधल्या रेघा पिवळसर पडलेले फळ अंगठ्याने हलकेच दाबताच उकलते. मग एकेक पाकळी चोखून बी बाजूला काढण्यात असा काही वेळ जातो, की ते घाईने संपवताच येत नाही. ही सोय मिक्सरमधून बासुंदी करणाऱ्यांनी घालवली!

आमरसाचेही तसेच. केशर आंब्याच्या दोन फोडी चावून खाणे वेगळे, आणि धोंड्याच्या जेवणात जावयाच्या पंक्तीला बसून पोळी, तूप व साखर घातलेल्या रसाच्या वाट्या रिचवणे वेगळे. तिथे दोष आंब्याला देऊन पोळ्यांना मोकळे सोडणे अन्यायाचे आहे. पेरू मात्र चोथ्यामुळे साखर सावकाश चढवतो, फक्त त्यावर साखरमीठ भुरभुरू नये.

मोसंबीचा रस हा प्रकार मी एरवी टाळतो, कारण पेलाभर रसात तीन-चार फळांची साखर येते आणि चोथा गाळणीतच राहतो. मात्र इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याची साखर सत्तरच्या खाली घसरून हातपाय कापू लागले, दरदरून घाम सुटला, तर शुद्धीवर असलेल्या त्या माणसाला हाच रस अर्धा पेला लगेच द्यावा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर तरीही कमीच असेल तर आणखी अर्धा पेला द्यावा.