रुपेरी उशा आणि ऑर्गन

शनिवार, रात्री उशिरा

आज ‘रेनफॉरेस्ट’ या नृत्याचं चित्रण पुन्हा पाहिलं, या वेळी मास्तरांना शेजारी बसवून. मास्तर म्हणजे आमच्या आळीतले ऑर्गनवाले काका. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम लागला की ते घरी सापडत नाहीत. एका गावात शंकरपट (बैलांची शर्यत), दुसऱ्या गावात मंडई (आमच्याकडची जत्रा) आणि रात्री कुठे ना कुठे नाटक. आज प्रयोग नव्हता. आमचं धान चुरणंही आटोपलं होतं, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या पडवीत जाऊन बसले. काकू आणि नातही आल्या.

अमेरिकन नृत्यकार मर्स कनिंगहॅमचं हे नृत्य 9 मार्च 1968 रोजी अमेरिकेतल्या बफेलो शहरात पहिल्यांदा झालं. त्यात कथा नाही, पात्रं नाहीत. सहा नर्तक आणि त्यांच्याभोवती तरंगणाऱ्या रुपेरी उशा, एवढंच. उशा चित्रकार अँडी वॉरहॉलच्या, चकाकत्या प्लास्टिकच्या, आत हीलियम भरलेला. नातीनं पाहताक्षणीच विचारलं, “कुरकुऱ्याचे पुडे फुगवले का व, आत्या?” मला तर तेव्हापासून दुसरं काही दिसेना. पोशाख चित्रकार जास्पर जॉन्सचे: अंगाच्या रंगाचे घट्ट कपडे आणि ते जागोजागी चिरलेले. काकूंना ते मुळीच पटलं नाही. “फाटके कपडे घालून कोनी स्टेजवर येते का?” मी मात्र त्या चिरांकडेच बघत होते. कापड कुठं संपतं आणि कातडी कुठं सुरू होते ते कळत नाही, आणि माणूस अचानक जंगलातल्या जनावरासारखा उघडा, सावध दिसायला लागतो.

मास्तरांचं लक्ष आवाजाकडे. संगीत डेव्हिड ट्यूडरचं, सगळं विजेच्या उपकरणांतून काढलेलं. किरकिर, टकटक, मध्येच पाखरांचा थवा उठावा तसा कलकलाट. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, “हे वाजवनारा नाचनाऱ्याकडे पाहूनच नाही रायला.”

खरंच पाहत नव्हता. कनिंगहॅम आणि त्याचा आयुष्यभराचा सोबती, संगीतकार जॉन केज, यांनी कामाची तशी रीतच घालून घेतली होती. नाच वेगळा बसवायचा, संगीत वेगळं रचायचं, नेपथ्य तिसऱ्यानं आपल्या जागी करायचं. किती मिनिटांचं ते फक्त ठरलेलं. पुष्कळदा नर्तकांना संगीत पहिल्यांदा ऐकू यायचं ते थेट पहिल्या प्रयोगाच्या रात्री. तालमी शांततेत व्हायच्या, हातात स्टॉपवॉच. (याच केजनं 1946 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये भारतीय संगीतकार गीता साराभाईंकडून हिंदुस्थानी संगीत समजून घेतलं होतं. आणि 1964 च्या जगदौऱ्यात कनिंगहॅमची मंडळी भारतातही येऊन गेली. आपल्याकडे याची आठवण फारशी कोणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.)

मास्तरांना हे ऐकून राग आला, खराखुरा राग. त्यांची अख्खी हयात नटाच्या तोंडाकडे पाहण्यात गेलेली. स्टेजच्या पुढ्यात बसायचं, नटानं श्वास घेतला की सूर द्यायचा, गाणं उचललं की धरायचं, वन्समोअर आला की पुन्हा पहिल्या ओळीवर यायचं. नट शब्द विसरला तर त्याला आठवेपर्यंत सूर लांबवायचा. “आमी एकमेकाले धरून रायतो, पोरी. हे त सोडून देऊन रायले.”

मी वाद घातला. मला वाटतं की हे सोडून देणंसुद्धा धरण्याइतकंच जोखमीचं आहे. ट्यूडर काय आवाज काढेल ते माहीत नसताना कनिंगहॅम त्याच्यासाठी जागा ठेवतो, ती झाकायला जात नाही. वॉरहॉलची उशी नर्तकाच्या वाटेत आली तर नर्तकानं तिला वळसा घालायचा किंवा अंगानं ढकलायचं. तिला तालीम देता येत नाही. पडद्यावर एक उशी एका नर्तकाच्या खांद्याला लागून हळूच वर गेली. त्यानं मान वळवली नाही, पण पुढचं पाऊल थोडं आखूड पडलं. हे मी मास्तरांना थांबवून, मागे नेऊन पुन्हा दाखवलं. एवढ्याशा जागेत तिघं कलावंत भेटतात, आणि त्यातल्या कोणीही ती भेट ठरवलेली नव्हती.

मास्तर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आवाज बंद कर.” आतून ऑर्गन ओढून आणला, लॅपटॉपकडे पाठ करून बसले आणि वाजवायला लागले. थोडा वेळ जमलं. मग नात हसली आणि त्यांनी वळून पाहिलंच. पाहिल्याबरोबर बोटं नर्तकाच्या पायामागे धावायला लागली, त्यांना आवरेनात. ते थांबले. “न पाहता वाजवनं लय कठीन आहे बा.” त्यांच्या तोंडून हे आलं तेव्हा मला त्या ट्यूडरबद्दल जास्तच आदर वाटला.

एक गोष्ट त्यांना शेवटपर्यंत खटकली. ‘रेनफॉरेस्ट’मध्ये कनिंगहॅम सोडला तर प्रत्येक नर्तक आपलं नाचून आत जातो, तो परत येतच नाही. झाडीपट्टीत मेलेलं पात्रसुद्धा शेवटच्या प्रवेशाला एकदा येऊन लोकांना नमस्कार करतं. मलाही ते जाणं चटका लावतं, पण मला ते हवंसं वाटतं. जंगलात दिसलेलं हरीण पुन्हा दिसेलच असं कुठं असतं?

निघताना मास्तरांनी खरा प्रश्न विचारला. संगीत धरायचं नाही, तर हे नर्तक एका वेळी पाय कसा टाकतात? मी सांगितलं: तालमीतून अंगात मुरलेल्या वेळेवर, एकमेकांच्या हालचालीवर. त्यांनी मान हलवली. हे त्यांना ठाऊक होतं. भर नाटकात लाईन गेली, ऑक्टोपॅड (विजेवरचा ताल वाजवणारा पॅड) बंद पडला, तरी त्यांच्या कंपनीतली नाचणारी बाई सम चुकत नाही, हे त्यांनी कितीदा पाहिलंय. “मग त्याहिचं समजते मले,” म्हणाले. कपड्यांचं मात्र काकूंना अजून पटलेलं नाही. मंगळवारी मास्तर घरी आहेत. तेव्हा कनिंगहॅमचंच 1958 चं ‘समरस्पेस’ दाखवायचं ठरलंय. त्यात चित्रकार रॉबर्ट रॉशेनबर्गनं मागचा पडदा आणि नर्तकांचे कपडे एकाच ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवलेत, आणि ते कपडे धड आहेत.