अल्गॉलचे पिधान: या हंगामातील प्रगती

पावसाळा सरून आकाश मोकळे झाल्यापासून माझे सारे लक्ष ययाती तारकासमूहातील अल्गॉल या एकाच ताऱ्यावर आहे. मागील हंगामात सवडीने प्रत (ताऱ्याच्या तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा मंद) नोंदवण्यापलीकडे काम गेले नव्हते. यंदा पिधानाची, म्हणजे सोबती ताऱ्याआड झाकला जाऊन अल्गॉल मंदावण्याची, उतरण आणि चढण एकाच रात्री टिपून नीचतम तेजाचा क्षण केवळ डोळ्यांनी ठरवायचा, असे उद्दिष्ट ठेवले होते आणि ते साध्य झाले, याचा मला मनापासून आनंद आहे.

अडचण मुख्यतः वेळापत्रकाची असते. अल्गॉल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, म्हणजे पुढचे पिधान तीन दिवसांनी, पण घड्याळात ३ तास ११ मिनिटे आधी येते. शिवाय संपूर्ण पिधान सुमारे दहा तास चालत असल्याने दोन्ही बाजू हव्या असतील, तर नीचतम क्षण मध्यरात्रीच्या आसपास येणारीच रात्र निवडावी लागते. सात आवर्तनांनी, म्हणजे वीस दिवसांनी, तो पावणेदोन तास उशिरा येतो, हे ध्यानात ठेवले की पुढच्या सोयीच्या रात्री आधीच हेरता येतात.

पुण्यातून कप्पा पर्सेई हा ययातीतील ३.८ प्रतीचा तुलनातारा (ज्याच्या ठरलेल्या तेजाशी अल्गॉलची तुलना करायची तो तारा) नीट दिसत नाही, म्हणून निरीक्षण भोरच्या बाजूला जाऊन केले. अंधार पडला तेव्हा अल्गॉल देवयानीतील २.१ प्रतीच्या अल्माकच्या तोडीचा होता. दहाला पाच मिनिटे असताना तो ययातीतीलच २.९ प्रतीच्या एप्सिलॉन ताऱ्याच्या बरोबरीला आला आणि साडेअकराच्या सुमारास डेल्टा (३.०) व कप्पा यांच्या जवळजवळ मधोमध, म्हणजे ३.४ प्रतीवर स्थिरावला. मूळ तेजाचा एक तृतीयांशही उरला नव्हता. परतीच्या वाटेवर एप्सिलॉनशी बरोबरी एक वाजून पाच मिनिटांनी झाली. प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या तेजाचा आलेख, सममित असल्याने समान तेजाच्या अशा जोड्यांचे मध्य काढले की नीचतम क्षण मिळतो, आणि त्या रात्रीचा माझा क्षण भाकितापासून दहा मिनिटांच्या आत आला. नवोदितांनी एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: शेजारचा तांबूस ऱ्हो पर्सेई तुलनेसाठी सोयीचा वाटतो, परंतु तो स्वतःच रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, आहे.

यॉर्कमधील कर्णबधिर तरुण जॉन गुडरिक याने १७८३ साली हा आवर्तनकाळ मांडला आणि एखादा काळोखा सोबती ताऱ्याला झाकत असावा, असेही सुचवले. १८८९ साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ फोगेलने वर्णपटाच्या आधारे त्या सोबत्याचे अस्तित्व सिद्ध केले.

खरे कोडे त्यानंतरचे आहे. जड तारा आपले इंधन लवकर संपवून आधी फुगतो, हा ताऱ्यांच्या उत्क्रांतीचा पायाभूत नियम. पण येथे सुमारे ३.२ सौर वस्तुमानाचा तेजस्वी तारा अजून तरुण आहे आणि जेमतेम ०.७ सौर वस्तुमानाचा सोबती फुगून म्हातारपणाकडे झुकला आहे. याचे आज मान्य असलेले उत्तर असे, की एके काळी तो सोबतीच अधिक जड होता आणि फुगताना त्याचे बाहेरचे द्रव्य दुसऱ्याकडे ओढले गेले. पुरूचे तारुण्य घेणाऱ्या ययातीच्या नावाच्या तारकासमूहातच हा व्यवहार दिसावा, याचे मला प्रत्येक निरीक्षणाच्या वेळी नव्याने नवल वाटते.

आता पुढचे काम सूर्यसापेक्ष दुरुस्तीचे, म्हणजे नोंदलेली वेळ सूर्यावरून पाहिल्यासारखी करून घेण्याचे. पृथ्वी कक्षेत कोठे आहे त्यानुसार अल्गॉलचा प्रकाश आपल्याला साडेसात मिनिटांहून थोडा अधिक इतका लवकर वा उशिरा मिळतो, आणि माझी अचूकता आता त्याच मर्यादेच्या जवळ आल्याने ही दुरुस्ती न करता निरनिराळ्या महिन्यांतील नोंदी एकत्र मांडणे योग्य ठरणार नाही. फेब्रुवारीपर्यंत ययाती संध्याकाळी उंचावर असेल. तोपर्यंतचे प्रत्येक सोयीचे पिधान याच तुलनाताऱ्यांनी नोंदवणार आहे, आणि आपणही हेच तारे वापरलेत, तर सर्वांच्या नोंदी एकाच प्रकाशवक्रावर मांडता येतील.