दुकान ऑनलाइन होतं, गूगलवर नव्हतं: माझा अनुभव

बाकीचं नंतर वाचा, आधी हे करा. गूगलमध्ये इंग्रजीत 'साइट' हा शब्द टाका, त्याला लागून दोन टिंबांचं कोलन आणि मधे जागा न सोडता तुमच्या दुकानाच्या वेबसाइटचा पत्ता. खाली तुमची पानं दिसली तर तुमचं बरं चाललंय. माझ्या वेळी पान कोरं आलं होतं. दहा सेकंदांची ही तपासणी मला साडेतीन महिने कोणी सांगितली नाही आणि ज्यांनी सांगायला हवी होती, ते 'एसईओ'चे, म्हणजे दुकान गूगलच्या शोधात वर आणण्याचे म्हणून दर महिन्याला चार हजार रुपये घेत होते.

आम्ही अमळनेरचे. माय आणि दोघी काकू दर उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कुरडया करतात. जोडीला काळा मसाला, कळण्याचं पीठ आणि शेवभाजीची जाड शेव. ओळखीतले लोक पुण्या-नाशिकला पिशव्या भरून न्यायचे, म्हणून संक्रांतीला ऑनलाइन दुकान सुरू केलं. अन्न परवाना, पाकिटं, कुरियर, पेमेंट हे सगळं सरळ झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वेबसाइट जळगावच्या एका एजन्सीकडून करून घेतली, वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्सवर (त्याला जोडायचं दुकान). नाव लिहीत नाही.

दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांची पीडीएफ यायची. रंगीत आलेख, 'मेटा कीवर्ड्स अपडेट केले', 'साइटमॅप सबमिट केला', 'दोनशे बॅकलिंक्स'. मेटा कीवर्ड्स म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेले शोधशब्द, साइटमॅप म्हणजे गूगलला द्यायची पानांची यादी, बॅकलिंक्स म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका. ऑर्डरी मात्र ओळखीच्यांच्याच, त्याही व्हॉट्सअ‍ॅपवर. फोन केला की उत्तर ठरलेलं: "भाऊ, एसईओला सहा महिने लागतातच." हे अगदीच खोटं नाही, वेळ लागतोच. म्हणून तर मी गप्प बसलो.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ताई माहेरी आली. ओट्यावर बसून मोबाइलवर दुकान शोधत होती. आमचं नाव टाकलं, गावाचं नाव टाकलं, काहीच नाही. मी म्हणालो, "असं कसं, मला तर रोज दिसतं." ती म्हणाली, "कारण तू पूर्ण पत्ता टाइप करतोस. ते शोधणं नव्हे, ते आपल्याच घरात किल्लीने जाणं." मग तिने लॅपटॉप मागितला, दुकानाचं पान उघडलं, उजवं क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' घेतलं आणि त्या कोडच्या जंगलात एक शब्द शोधला. सापडला. रोबॉट्सच्या ओळीत 'नोइंडेक्स, नोफॉलो'. म्हणजे गूगलला सांगणारी पाटी: हे पान यादीत घेऊ नका. प्रत्येक पानावर हीच पाटी. माय आतून ऐकत होती. म्हणाली, "दुकान दखात नही कोणले, मंग पैसा कसाना देस रे?"

याचं मूळ वर्डप्रेसच्या 'सेटिंग्ज'मधल्या 'रीडिंग' या पानावर आहे. तिथे एक चौकट असते: 'डिस्करेज सर्च इंजिन्स फ्रॉम इंडेक्सिंग धिस साइट'. साइट अर्धवट असताना ती गूगलवर जाऊ नये म्हणून बनवणारे तिथे टिक करतात, आणि ते बरोबरच आहे. दुकान उघडलं की टिक काढायची असते. आमची राहिली होती. एवढंच.

पण ती काढणार कोण? मला दिलेलं खातं 'शॉप मॅनेजर'चं होतं. त्यात माल चढवता येतो, किमती बदलता येतात, ऑर्डरी दिसतात, पण डाव्या पट्टीत वर्डप्रेसचं 'सेटिंग्ज' उगवतच नाही. अ‍ॅडमिन पासवर्ड एजन्सीकडे. फोन केला. उचलणारी मुलगी म्हणाली, सर मीटिंगमध्ये आहेत, निरोप देते. दुसऱ्या दिवशी सर बाहेरगावी. तिसऱ्या दिवशी स्वतः सरच भेटले, तर म्हणे, "अ‍ॅडमिन दिला की क्लायंट काहीतरी बिघडवून ठेवतात, मग आमच्याच गळ्यात येतं. ईमेल टाका." ईमेल टाकला, स्क्रीनशॉट जोडला, नोइंडेक्सच्या ओळीभोवती लाल गोल काढला. चार दिवसांनी उत्तर आलं: 'युवर क्वेरी इज नोटेड.'

त्याच दिवशी लक्षात आलं की त्यांच्या पीडीएफमधला 'साइटमॅप सबमिट केला' हाही थापेचाच भाग. वर्डप्रेस २०२० पासून साइटमॅप स्वतःच बनवतं, पण ती टिक असेल तर बनवत नाही. त्या पत्त्यावर गेलो तर 'सापडलं नाही'चं पान. जे अस्तित्वातच नाही ते यांनी सबमिट केलं कुठे?

मग गाडीने जळगाव. पहिल्या फेरीत कार्यालयाला कुलूप, लग्नाची तारीख होती. दुसऱ्या फेरीत सर होते, चहा पाजला, 'उद्या टेक्निकल टीम करून टाकेल' म्हणाले. टेक्निकल टीम म्हणजे कोपऱ्यात हेडफोन लावून बसलेला एकच मुलगा, हे मला तिसऱ्या फेरीत कळलं. इकडे घरी वाळवणाचा सीझन उताराला लागला होता. गच्चीवरच्या खाटा रिकाम्या होत आल्या, डबे भरत चालले, आणि ज्या दोन महिन्यांत लोक पापड-कुरडया शोधतात, तेवढ्याच दोन महिन्यांत आमच्या दारावर 'आत येऊ नका' लिहिलेलं. पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

तिसऱ्या फेरीला डबा घेऊन गेलो. दोन तास दहा मिनिटं बसलो. सर जेवायला गेल्यावर उठून थेट त्या मुलापाशी गेलो, स्क्रीनशॉट दाखवला. त्याने माउस सरकवला, रीडिंग उघडलं, चौकटीवर क्लिक केलं. टिक गेली. खाली 'सेव्ह चेंजेस'. मिनिटभरही लागलं नसेल. तो म्हणाला, "एवढंच होतं का भाऊ? मला कोणी सांगितलंच नाही." मला त्याचा राग आला नाही. त्याच्याच हातून माझं खातं अ‍ॅडमिन करून घेतलं आणि समोर बसूनच माझ्या फोनवर लॉगिन करून पाहिलं. मे संपत आला होता.

एक चूक माझीही. सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) दुकान आपलं असल्याचं सिद्ध करायला डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, तांत्रिक नोंदवहीत (डीएनएस) नोंद लागते, असं वाचून आठवडाभर मी त्यासाठीही त्यांच्या मागे लागलो होतो. तशी गरज नव्हती. 'यूआरएल प्रीफिक्स' हा पर्याय निवडला की एक छोटा टॅग (कोडची एक ओळ) साइटच्या वरच्या भागात चिकटवून काम होतं. अ‍ॅडमिन हातात आल्यावर ते मी घरी बसून केलं. नंतर 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' (हे पान यादीत घ्या, ही विनंती) एकदा दाबायचं आणि सोडून द्यायचं. मी एकाच पानासाठी रोज दाबत होतो. त्याने काही लवकर होत नाही आणि रोजची मर्यादा तेवढी संपते. मुख्य पान चौथ्या दिवशी आलं, बिबड्यांचं यायला तीन आठवडे लागले.

आता कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाकतात ते शब्द. एजन्सीने भरलेले मेटा कीवर्ड्स मी काढलेही नाहीत, राहू द्या. रँकिंगसाठी ते वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. काढलं ते आमच्या केळी वेफर्सच्या पानावरचं 'जीआय', म्हणजे भौगोलिक मानांकन. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मिळालं हे खरं, पण ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि आमची नाही. शोधात वर यायला म्हणून आपल्या मालावर नसलेला शिक्का मारणं मला पटलं नाही.

कीवर्ड प्लॅनर (कोणता शब्द किती शोधला जातो ते सांगणारं गूगलचं साधन) फुकट आहे, पण गूगल अ‍ॅड्सचं खातं उघडावं लागतं आणि जाहिरातीवर खर्च नसेल तर तो नुसते पट्टे दाखवतो, '१०० ते १ हजार' असे. त्यातून आमच्यासारख्यांना फारसं कळत नाही. त्यापेक्षा गूगलच्या चौकटीत अर्धा शब्द टाकून खाली काय सुचवलं जातं ते वहीत उतरवा. मराठीतून टाका, रोमनमधूनही टाका, कारण आपले लोक बहुतेक रोमनमध्येच मराठी टाइप करतात. दोन शब्दांत जास्त कोणता चालतो हे गूगल ट्रेंड्समध्ये शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

आमचा सगळ्यात मोठा घोळ 'बिबडे' या शब्दाचा. आमच्या घरात दुसरा शब्दच नाही. पण तीन महिन्यांनी सर्च कन्सोलच्या 'परफॉर्मन्स'मध्ये पाहिलं तर लोक 'ज्वारीचे पापड' टाकून येत होते. ज्याला बिबडे माहीत आहेत त्याच्या घरी बहुधा करणारीही आहे. विकत घेणाऱ्याला ते नाव ठाऊकच नाही. मग मालाचं नाव केलं: 'बिबडे, खान्देशी ज्वारीचे पापड, अर्धा किलो'. 'खानदेशी' असंही लिहिणारे पुष्कळ, म्हणून वर्णनात एकदा तसंही येऊ दिलं. मायला हे पटलेलं नाही. बिबड्यांना पापड म्हणणं तिला कमीपणाचं वाटतं.

'शेवभाजी'वर मी उगाच जीव टाकला. मसाल्याच्या पानाला ते नाव दिलं, शोधात दिसायला लागलो, क्लिक मात्र कोणी करेना. करणार कसं, त्या माणसाला रेसिपी हवी आहे, पाकीट नाही. शेवटी मायची कृती फोटोंसह वेगळ्या पानावर लिहिली, कांदा-खोबरं किती काळं भाजायचं इथपासून, आणि मसाल्याची लिंक खाली दिली. आता मसाल्याच्या निम्म्या ऑर्डरी त्या पानावरून येतात. 'बनाना चिप्स'चा नाद मात्र सोडला. तिथे केरळवाले बसलेत, आपण 'जळगाव केळी वेफर्स' एवढ्यावरच राहावं.

हो, पानाचा पत्ता रोमनमध्ये ठेवा. गूगलला मराठी पत्ता चालतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची मुंग्यांसारखी रांग होते आणि समोरच्याला ती फसवणुकीची लिंक वाटते. माझ्या मामांनाच वाटली होती.

डोमेन अजून एजन्सीच्याच खात्यावर आहे. नूतनीकरण नोव्हेंबरात आहे. ते माझ्या नावावर करून द्या, असं दोनदा ईमेलने कळवलंय. दोन्ही वेळा 'नोटेड' आलं. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी कुरियरला दिल्या की परत डबा घेऊन जाणार आहे.