रक्त की डाय?

रात्री आठला न्यूरो आयसीयूत ड्युटीवर आले, तेव्हा दुपारच्या सिस्टरने बेड नंबर ४ची ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती सोपवणं, मुद्दाम शेवटी ठेवली होती. अवघड पेशंट आम्ही शेवटी घेतो, म्हणजे नीट वेळ देता येतो.

वय ५८, गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळात गूळ करणारे. सकाळी नऊला काहिलीजवळ उभे असताना उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. आधी गावातला दवाखाना, मग तालुका, मग कोल्हापूर. आमच्याकडे पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत टळून गेली होती. डाव्या मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद होती. डॉक्टरांनी जांघेतून नळी वर नेऊन गुठळी ओढून काढली आणि साडेतीनला रक्त पुन्हा वाहू लागलं.

"पण नंतरच्या सीटीत आत खोलवर पांढरं दिसतंय," सिस्टर म्हणाली. "रक्त की गुठळी काढताना सोडलेली डाय, आत्ता कळत नाही. उद्या परत सीटी. तोवर ॲस्पिरिन नाही. प्रेशर १८०च्या वर जाऊ द्यायचं नाही."

बाहेर बाकावर मुलगा आणि पेशंटचे थोरले भाऊ बसले होते. मुलाचे डोळे सुजलेले. जाता-येता कुणीतरी 'ब्लीडिंग' हा शब्द त्याच्या कानावर टाकला होता आणि पुढे काही न सांगता निघून गेलं होतं. असा अर्धा शब्द नातेवाइकांना रात्रभर पोखरतो. मला याचा फार राग येतो.

मी शेजारी बसले. "दादा, डॉक्टर सकाळी नीट सांगतीलच. पण ते रक्तच आहे असं अजून ठरलेलं नाही."

मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या शरीरातल्या इतर वाहिन्यांसारख्या नसतात. त्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातलं मोजकंच काही मेंदूत जातं. यालाच रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. १८८५मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी जनावरांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा बाकी सगळे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. पुढे त्यांचेच शिष्य गोल्डमन यांनी १९१३मध्ये रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि शरीर कोरं राहिलं. न्यूरो आयसीयूत नवीन असताना आमच्या सरांनी हे सांगितलं होतं. त्या रात्री ते सारखं आठवत होतं, कारण बेड ४च्या मेंदूत नेमका रंगच शिरला असण्याची शक्यता होती. वाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडलेली आयोडीनची डाय. सीटीत ती रक्तासारखीच पांढरी दिसते. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण वापरून हा फरक दाखवणारी मशीन असतात, आमच्याकडचं तसं नाही.

डाय आत गेलीच कशी? मुलाने विचारलं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण प्राणवायू वीस टक्के लागतो. रक्त अडलं की नुसत्या मेंदूच्या पेशीच उपाशी राहत नाहीत, वाहिनीची भिंतही उपाशी राहते. तिचे जोड सैल पडतात, भिंतीखालचा अस्तराचा थर कुरतडणारी एन्झाइम्स सुटतात. यांचा पांढरा डाग होता तिथल्या बारीक फांद्यांना दुसरीकडून रक्ताची वाट नसते, त्यामुळे त्या जागेला सगळ्यात जास्त झळ बसते. मग वाट मोकळी होऊन रक्त जोरात आलं की भिंत झिरपते. कधी नुसती डाय, कधी पाणी, आणि फारच फाटली तर रक्त.

भाऊ इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "म्हंजे पाटागतच की ओ सिस्टर. लई दिस पाणी न्हाई सोडलं की पाट भेगाळतोय. मग एकदम सोडलं की निम्मं पाणी भेगांतच जातंय."

"तसंच, काका. म्हणून बेतानं सोडायचं. रात्रभर प्रेशर बघायचं ते त्यासाठीच."

बेतानं म्हणजे अगदी कमीही नाही. डागाभोवतीचा अर्धमेला भाग त्याच रक्तावर जगत असतो. २०२२मध्ये चीनमध्ये गुठळी काढलेल्या रुग्णांचं वरचं प्रेशर १२०च्या खाली ठेवून पाहिलं, तर त्यांचं अपंगत्व उलट वाढलं आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग चोवीस तास होईपर्यंत तासातासाने प्रेशर. साडेदहाला १६६. अकराला १९८. पुन्हा घेतलं, १९६. बेड ४चे मामा डाव्या हाताने चादर ओढत होते, कपाळावर घाम. माझ्या पोटात गोळा आला. बाहुल्या टॉर्चने पाहिल्या, दोन्ही सारख्या. उलटी नाही, गुंगी वाढलेली नाही. डॉक्टरांना फोन लावला आणि तो कानाला असतानाच चादर बाजूला केली. युरीन बॅग जवळजवळ रिकामी. ओटीपोट हाताला टणक लागलं. कूस बदलताना कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडली होती. सरळ केली आणि सहाशे मिली लघवी आली. डॉक्टर म्हणाले, "लेबेटालॉल तयार ठेवा, पाच मिनिटांनी प्रेशर सांगा." पाच मिनिटांनी १७२, अर्ध्या तासाने १५८. प्रेशर उतरवायचं ते इंजेक्शन लागलंच नाही.

ज्याची वाचा गेली आहे, तो लघवी तुंबली हे सांगणार कसं? त्या माणसाचं प्रेशरच बोलत होतं. नवीन मुलींना मी तेव्हापासून सांगते, स्ट्रोकच्या पेशंटचं प्रेशर चढलं की डॉक्टरांना कळवाच, पण त्याच मिनिटाला पोटावर हात ठेवा, नळी बघा, कुठे दुखतंय का बघा.

दुसऱ्या रात्री आले तेव्हा सीटी झालेला होता. पांढरा डाग विरून गेला होता. रक्त इतक्या लवकर जात नाही, डायच होती. ॲस्पिरिन सुरू झालं होतं. मुलगा जिन्यात भेटला, काही बोलला नाही, नुसते हात जोडले.

पण भिंत झिरपली होती हे खरंच होतं. तिसऱ्या दिवशी मामा जास्त झोपू लागले. सीटीत सूज. डोक्याकडची बाजू तीस अंश वर, तासाला बाहुल्या, हाक मारली की डोळे उघडतात का याची नोंद. ऑपरेशन करावं लागतं की काय, या धास्तीत दोन दिवस गेले. पाचव्या दिवशी सूज थांबली. उजव्या हातात माझी दोन बोटं दिली, तर अगदी हलकं दाबली. शब्द मात्र अजून आले नव्हते.

हृदयाचे ठोके अनियमित होते, गुठळी तिथूनच आली होती. रक्त पातळ करणारी गोळी दहाव्या दिवशी सुरू केली, तोवर भिंतीला सावरायला वेळ दिला. बाराव्या दिवशी सुट्टी झाली. निघताना भाऊंनी विचारलं, गुऱ्हाळात ठेवायला प्रेशरचं मशीन कुठलं घ्यायचं. मनगटाचं नको, दंडाचं घ्या म्हटलं, आणि कफ कोपराच्या किती वर बांधायचा ते त्यांच्याच दंडावर बांधून दाखवलं. त्यांचं १६८ भरलं. तिथूनच त्यांना ओपीडीत पाठवलं.