मॉडेलने कालनिर्णय पाहिलं नव्हतं

9 सप्टेंबर 2023, शनिवार, रात्रीचे साडेअकरा. नाइट शिफ्टच्या मुलाचा फोन: "मॅडम, पेठांमधलं ट्रॅफिक पडलंय. अंदाजाच्या निम्मंही नाही. फायबर तुटलंय बहुतेक."

आमची कंपनी पुण्यातल्या मोबाइल टॉवरांचा डेटा वाहून नेते. कुठल्या तासाला किती डेटा यावा, हे सांगणारं मॉडेल माझं. अलार्म त्याच्याच भरवशावर वाजतो. म्हटलं, पाठव टीम. दीड वाजता त्यांनी लक्ष्मी रोडवर चेंबर उघडून मोजणी केली. फायबर ठणठणीत. शनिवारी रात्री असतं तेवढंच ट्रॅफिक होतं. चुकलं होतं माझं गणित.

झोप उडालीच होती, लॅपटॉप उघडला. डॅनिश गणिती एर्लांगने कोपनहेगनच्या टेलिफोनसाठी जे गणित मांडलं, त्यात गर्दीच्या तासापुरता कॉल येण्याचा दर स्थिर धरला की भागायचं. आमचा दर सतत हलतो, म्हणून मी तीन लाटा बेरजेत घेतल्या होत्या: 24 तासांची, 168 तासांची (म्हणजे आठवड्याची) आणि वर्षाची. घोळ तिसरीत. 2022 साली 9 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. मिरवणुकीतून लोकांनी इतके व्हिडिओ चढवले की अपलोडचा डोंगर झाला, आणि मॉडेलने ती तारीख पाठ केली.

चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणजे सण 11 दिवस अलीकडे यायला हवा. पण 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि विसर्जन 28 सप्टेंबरला गेलं. मी मिरवणूक शोधत होते त्या रात्री गणपती बसायलाच दहा दिवस होते! स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर हे सगळं छापलेलं होतं.

वर्षाची लाट काढून भाद्रपदाची तिथी घातली. डोंगर कधी येणार ते कळलं; किती उंच, ते कशावरून ठरवायचं? 2020 आणि 2021 मध्ये करोनामुळे मिरवणुकाच नव्हत्या. हाताशी खरी रात्र एकच. एका रात्रीवरून सरासरी काढणं म्हणजे शितावरून भाताची नाही, पुढच्या वर्षीच्या पिकाची परीक्षा. मी अंदाजाचा पट्टा, म्हणजे कमीत कमी ते जास्तीत जास्त किती यातलं अंतर, सरळ दुप्पट रुंद केला. 28 तारखेला डोंगर आला आणि पट्ट्याच्या वरच्या कडेला जेमतेम शिवून गेला.

29 ला सकाळी दहा वाजता पुन्हा फोन. "मॅडम, हिंजवडीचं ट्रॅफिक पडलंय."

ईदची सुट्टी सरकारने 28 वरून 29 वर नेली होती. ते कालनिर्णयमध्येही नव्हतं.

"टीम पाठवू का?"

"नको रे. तूही घरी जा."